भांडाराच्या चाव्या हातात घेण्याआधी

मी 33 वर्षं शासकीय सेवेत होते. 1986 साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. ऑगस्ट 1994 मध्ये कोकणातल्या एका जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयाच्या भांडाराचा कार्यभार माझ्याकडे आला आणि 2019 साली वयाच्या 58 व्या वर्षी मी त्याच भांडाराच्या चाव्या दुसऱ्याच्या हातात देऊन निवृत्त झाले. भांडार सांभाळणाऱ्यांनी आपल्या अडचणी लिहून पाठवाव्यात, असं या सदरातून सांगितलं होतं. आलेल्या पत्रांतली काही निवडली आहेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, कारण सगळेच अजून नोकरीत आहेत किंवा नुकतेच सुटताहेत.

प्रश्न : बदली होऊन मी तालुक्याच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून हजर झालो. भांडार माझ्याकडे दिलंय. आधीचे लिपिक महिनाभरापूर्वीच कार्यमुक्त होऊन गेले, चाव्या शिपायाजवळ होत्या. साहेब म्हणतात, यादी तयार आहे, सही करून टाका, मोजणी सवडीने करू. पहिल्याच आठवड्यात नाही म्हटलं तर वाकडं होईल. काय करावं?

सही करू नका. साहेबांशी वाकडं न होता ती कशी टाळायची, ते सांगते.

आधी कार्यालयप्रमुखांच्या नावे अर्धं पान पत्र लिहा. 'कार्यभार स्वीकारण्यास मी तयार आहे, प्रत्यक्ष पडताळणीसाठी एक कर्मचारी नेमून द्यावा व पूर्वीच्या कर्मचाऱ्यास उपस्थित राहण्यास कळवावे' एवढंच. त्यात तक्रारीचा सूर नको. पत्र आवक नोंदवहीत घाला आणि आवक क्रमांक पडलेली प्रत स्वतःकडे ठेवा. त्याच दिवशी भांडाराच्या कुलपावर कागदाची पट्टी चिकटवा, तिच्यावर तारीख घाला, तुमची आणि आणखी एकाची सही घ्या. मोजणी होईपर्यंत रोजचं सामान द्यायचं असेल तर ती पट्टी दोघांनी मिळून फोडायची, दिलेलं लिहायचं आणि नवी लावायची. एवढं केलंत की साहेबांनाही कळतं की माणूस कामाला नाही म्हणत नाहीये.

मोजताना यादी हातात धरून वस्तू शोधत बसू नका. तसं केलं की यादीत असलेल्या तेवढ्याच वस्तू दिसतात. आधी कोपऱ्यापासून सुरुवात करून समोर जे आहे ते कोऱ्या कागदावर उतरवा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. मग तो कागद आणि जडसंग्रह नोंदवही, म्हणजे टिकाऊ वस्तूंची डेडस्टॉकची वही, शेजारी ठेवून मेळ घाला. कमी निघालेलं लिहाच, पण जास्त निघालेलंही लिहा. 'जास्त आहे, मग काय बिघडलं' असं म्हणून सोडून दिलेल्या वस्तूच पुढे गोंधळ करतात, कारण ती दुसऱ्या कोणाची तरी तूट असते. नोंदवहीचं पहिलं पानही बघा. 'या नोंदवहीत पाने 1 ते 200 आहेत' असा कार्यालयप्रमुखांच्या सहीचा दाखला तिथे असायला हवा. नसेल तर आजच पानं मोजून घालून घ्या. दाखला नसलेल्या वहीतून एखादं पान गेलं तर ते होतं की नव्हतं, हे कोणीही सिद्ध करू शकत नाही.

आणि महिनाभरानेही मोजणी झाली नाही, सहीचा आग्रह चालूच राहिला, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : 'प्रत्यक्ष पडताळणी न होता केवळ यादीवरून स्वीकारले.' त्या ओळीखालीच सही.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतेय? मी स्वतः न मोजता सही केली होती. 1994 चा ऑगस्ट, बाहेर धो धो पाऊस, भांडाराच्या मागच्या खोलीत घोट्याएवढं पाणी. आधीचे गृहस्थ मला वडिलांसारखे. म्हणाले, 'बाय, सगळं ठीक आहे, मी इथे जन्म काढलाय.' मी सही केली. पुढच्या वर्षी लेखापरीक्षणाची तुकडी आली, त्यांनी घोंगड्या मोजल्या. नोंदवहीत 210, खोलीत 176. तूट 34. एका घोंगडीचे 140 रुपये धरून 4,760 रुपये माझ्या नावावर लागले. दर महिन्याच्या पगारातून 476 रुपये, असे दहा हप्ते गेले. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. पैशांपेक्षा मला जास्त लागली ती कार्यालयातली कुजबूज, 'नवी बाई आली आणि घोंगड्या गेल्या.'

घोंगड्या कुठे गेल्या ते मला दोन वर्षांनी कळलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मदतीसाठी आमच्याकडूनही गाडी निघाली होती. डॉक्टर होते, सलाइन होतं, ड्रेसिंगचं सामान होतं. तोंडी सांगण्यावरून कोणीतरी मागे घोंगड्यांचे गठ्ठे टाकले. गाडीच्या जुन्या ड्रायव्हरने एकदा सहज बोलता बोलता सांगितलं. म्हणाला, 'मॅडम, गठ्ठे मीच चढवले, त्या थंडीत लोकं उघड्यावर होती.' मला ऐकून बरं वाटलं. गेल्या त्या योग्य जागी गेल्या. पण त्या संध्याकाळी कोणीतरी नोंदवहीत 'भूकंप मदतकार्यासाठी 34 नग, वाहन क्रमांक अमुक' एवढी एक ओळ लिहायला हवी होती. ती लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. गाडी घाईत होती हे मी समजू शकते. दुसऱ्या दिवशी लिहिली असती तरी चाललं असतं.

म्हणून तुम्हाला सांगते, आधीचा माणूस चोर आहे असं समजून मोजू नका. बहुतेक वेळा तो चोर नसतोच. लिहायचं राहून गेलेलं असतं, आणि पुढे ते तुमच्या पगारातून जातं.

प्रश्न : 28 मार्चला पुरवठादार देयक घेऊन आला. सामान एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येईल म्हणतो, पण देयक आत्ता कोषागारात गेलं नाही तर अनुदान परत जाईल. साठा नोंदवहीचा दाखला मागतायत. गेल्या वर्षीच्या लिपिकांनी असाच दिला होता म्हणे.

देयकाच्या मागे आपण काय लिहितो ते एकदा मोठ्याने वाचा. 'वरील साहित्य संख्येने बरोबर व सुस्थितीत मिळाले. साठा नोंदवही पान क्रमांक अमुक वर नोंद घेतली.' मिळालेलं नाही आणि नोंद घेतलेली नाही. म्हणजे दोन्ही वाक्यं खोटी, आणि खाली सही तुमची. पुरवठादाराची नाही, साहेबांची नाही.

31 मार्चचा ताण मला चांगला ठाऊक आहे. पंचवीस वर्षांचे मार्च महिने मी भांडारात काढले, त्यातले निम्मे रात्री नऊ-दहापर्यंत. अनुदान व्यपगत झालं, म्हणजे न वापरता परत गेलं, की पुढच्या वर्षी त्या शीर्षाखाली कमी मिळतं, वरिष्ठांना उत्तर द्यावं लागतं, हे सगळं खरं. पण सामान आलंच नाही, किंवा आलं आणि वेगळंच आलं, तर पैसे गेलेले असतात आणि बोलायला तोंड उरत नाही. मी एकदा अशा वेळी देयकावर लिहिलं होतं : 'साहित्य अद्याप प्राप्त नाही, प्राप्त झाल्यावर दाखला देण्यात येईल.' फाईल तशीच वर गेली. साहेब रागावले, दोन दिवस बोलले नाहीत. पुरवठादाराने मात्र 30 तारखेच्या रात्री साडेअकराला टेम्पो आणून उभा केला. आम्ही तिघांनी टॉर्चच्या उजेडात खोकी मोजली. म्हणजे सामान त्याच्याकडे होतं, फक्त भाडं वाचवायचं होतं.

दाखला मागायला आलेल्याला फाईलवर लेखी सांगा, तोंडाने वाद घालू नका. आणि हे काम मार्चमध्ये सुरू होत नाही. पुरवठा आदेशाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपत असेल तर तेव्हाच स्मरणपत्र पाठवायचं असतं.

प्रश्न : आमच्या कार्यालयात एक अख्खी खोली मोडक्या खुर्च्या, गंजलेल्या लोखंडी खाटा आणि बंद पडलेल्या संगणकांनी भरलीय. प्रत्येक जण म्हणतो, हात लावू नका, डेडस्टॉक आहे.

हात लावायलाच हवा, पण पद्धतीने. नोंदवहीतल्या पान क्रमांकासह यादी करा, प्रत्येक वस्तूपुढे खरेदीचं वर्ष आणि आजची अवस्था लिहा, निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव ठेवा. समिती पाहणी करते, सक्षम अधिकारी मंजुरी देतो, मग लिलाव, आणि आलेली रक्कम चलनाने शासनखाती जमा. संगणक, प्रिंटर, बॅटऱ्या भंगारवाल्याला विकू नका. या वस्तू अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडेच गेल्या पाहिजेत. शेवटची पायरी लोक हमखास विसरतात. लिलाव झाला, खोली मोकळी झाली, पण नोंदवहीत वस्तू कमी केल्याची नोंद केलीच नाही. मग दहा वर्षांनी त्याच खाटांची तूट निघते. आदेश क्रमांक आणि चलन क्रमांक लाल शाईने त्या त्या पानावर लिहा. आमच्या खाटांची खोली रिकामी झाली तेव्हा तिथे आम्ही सलाइन ठेवायला लागलो, एवढी जागा निघाली.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात औषध भांडार बघते. ई-औषधीवर, म्हणजे औषधसाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीवर, साठा एक दिसतो, कपाटात दुसरा. वरिष्ठ म्हणतात, आता संगणक आहे, बिन कार्ड (फळीला अडकवलेलं साठ्याचं कार्ड) आणि हाताची वही बंद करा. शिवाय परवा मागच्या रांगेत मुदत संपलेल्या गोळ्यांचं खोकं सापडलं. मला झोप लागत नाही.

आधी त्या खोक्याचं. ते आजच वेगळं काढा, वर 'मुदतबाह्य, वापरू नये' असं मोठ्या अक्षरात लिहा, कुलपात ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवा. लपवू नका, कचराकुंडीत तर अजिबात टाकू नका. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे मुदतबाह्य औषध पिवळ्या वर्गात येतं. ते पुरवठादाराकडे परत जातं किंवा जाळून नष्ट करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे. खोकं सापडलं हे तुम्ही कळवलंत, म्हणजे तुम्ही तुमचं काम केलंत. आता झोपा.

आता संगणक आणि बिन कार्ड. ई-औषधी चांगली आहे. कोणत्या रुग्णालयात काय शिल्लक आहे ते जिल्ह्याला घरबसल्या दिसतं, एकीकडचं जास्तीचं औषध दुसरीकडे वळवता येतं. आम्ही हे पूर्वी फोनवर ओरडून करायचो. पण संगणकाला कपाट दिसत नाही. तुम्ही वॉर्डात दिलेल्या गोळ्या संध्याकाळी चढवल्या, मध्ये वीज गेली, नेट गेलं, की फरक पडलाच. तो फरक कुठे पडला हे शोधायला बिन कार्डच लागतं.

माझं बिन कार्ड कसं असायचं ते सांगते. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, वरच्या कोपऱ्यात भोक, सुतळीने फळीच्या खिळ्याला अडकवलेला. वर औषधाचं नाव आणि ताकद, खाली पाच रकाने : तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, आवक, जावक, शिल्लक. मुदतीचा महिना मी कार्डावर लाल पेनाने गोल करून लिहायचे आणि प्रत्येक खोक्याच्या बाहेर येणाऱ्या बाजूवरही स्केचपेनने तोच महिना. 'मे 26' असं. छापलेल्या बारीक अक्षरांवर भरवसा नको, कोकणातल्या दमट हवेत ती पुसट होतात. आणि हे लक्षात असू द्या की मुदत 'मे 2026' असेल तर ते औषध 31 मेपर्यंत चालतं, 1 मे रोजी बाद होत नाही. या एका गैरसमजापायी मी चांगली औषधं महिनाभर आधी बाजूला काढलेली पाहिली आहेत.

नवा माल आला की तो मागे ठेवा आणि जुना पुढे ओढा. पण डोळे मिटून 'आधी आलेलं आधी द्या' असंही करू नका. कधी कधी नंतर आलेल्या मालाची मुदत आधी संपते. आधी संपणारं आधी बाहेर, हाच औषधांचा नियम. तुमचं ते खोकं मागच्या रांगेत अडकलं त्याचं कारण बहुधा हेच, की पुढे नवा माल रचला गेला. खोकी भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवर तर ठेवूच नका, खाली लाकडी फळ्या घाला. 26 जुलै 2005 च्या पावसात आमच्या मागच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा विटांवर फळ्या टाकून ठेवलेलं सगळं वाचलं. जमिनीवरचे कापसाचे रोल गेले.

शीतसाखळीचं वेगळं. इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण लोक फक्त गरम होण्याला भितात. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी ते वापरता येत नाही. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याजवळ ते ठेवू नका. तापमान सकाळ-संध्याकाळ दोनदा लिहा, रविवारीसुद्धा. रविवारी कोण लिहिणार ते ड्यूटीवरच्या सिस्टरांशी बोलून आधीच ठरवा.

वरिष्ठांना सांगा, बिन कार्ड ही संगणकाची साक्षीदार आहे. दर शनिवारी दहा औषधं निवडा, कपाटातली शिल्लक, कार्ड आणि ई-औषधी असं तिन्ही जुळवा, फरक असेल तर त्याच दिवशी कारण लिहा. महिनाभरात हे आकडे घेऊन त्यांच्यासमोर जा. ते ऐकतील असं मला वाटतं.

प्रश्न : पाच महिन्यांनी सेवानिवृत्त होतोय. अकरा वर्षांपूर्वीचा तुटीचा एक लेखाआक्षेप अजून माझ्या नावावर आहे. पेन्शन अडेल का?

अजून पाच महिने हातात आहेत, ते वाया घालवू नका. आक्षेपाची प्रत काढा आणि त्या वर्षाची साठा नोंदवही, मागणीपत्रं, उसनवारीच्या चिठ्ठ्या आणि पोहोच पावत्या शोधा. अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, लेखी सादर करा, कागदपत्रांसह. नुसतं 'मान्य नाही' लिहून काही होत नाही. निवृत्तिवेतनाच्या 1982 च्या नियमांत, नियम 27 प्रमाणे, चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेवरून निवृत्तीनंतर नव्याने विभागीय चौकशी सुरू करता येत नाही. पण म्हणून आक्षेप आपोआप मिटतो असं समजू नका. येणं निश्चित झालं तर ते उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वळतं करतात, आणि ना-देय दाखला, म्हणजे काही येणं बाकी नसल्याचा दाखला, अडतो तो इथेच. आस्थापनेत रोज जाऊन बसण्यापेक्षा एकदाच नीट फाईल तयार करा. तुमच्या वेळचा शिपाई, वॉर्डातल्या सिस्टर, ड्रायव्हर, जे कोणी असतील त्यांना गाठून विचारा. माझ्या घोंगड्यांचा पत्ता ड्रायव्हरला होता, मी त्याला दोन वर्षं विचारलंच नाही.

प्रश्न : मी 26 वर्षांची आहे. परीक्षा देऊन भांडार लिपिक झाले. घरी आणि कार्यालयातही सगळे म्हणतात, हे अडगळीचं टेबल आहे, लवकर बदली मागून घे. मॅडम, तुम्ही 25 वर्षं तिथेच कशा राहिलात?

दोनदा बदली मागता आली असती, मी मागितली नाही. त्याचं कारण एका रात्रीतून सांगते.

2008 चा जुलै, भातलावणीचे दिवस. आमचं घर रुग्णालयाच्या मागच्या वसाहतीत. रात्री दोनच्या सुमाराला वॉर्डबॉय दाराशी आला. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावलेली. पापण्या मिटायला लागल्या होत्या. मण्यारीच्या दंशाची जागा धड दिसतही नाही आणि सूजही येत नाही, त्यामुळे घरच्यांचा वेळ गेला होता. डॉक्टरांना सर्पदंशाच्या लशीच्या सुरुवातीलाच 10 कुप्या हव्या होत्या, वॉर्डात 6 होत्या. मूल लहान म्हणून लस कमी देत नाहीत. सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं, त्यामुळे लहानाला मोठ्याएवढीच लागते.

वीज गेलेली. मी टॉर्च घेऊन भांडार उघडलं. मला शोधावं लागलं नाही. दुसरं कपाट, वरून तिसरी फळी, उजवीकडे. कार्डावर शिल्लक 42, मुदत पुढच्या वर्षीच्या मार्चची. 20 काढल्या, सोबत कुप्यांतली पूड विरघळवायचं पाणी काढलं. वॉर्डबॉय ट्रे घेऊन पळाला. मी मागे थांबले, कार्ड खिळ्यावरून काढलं आणि टॉर्च दातात धरून लिहिलं.

त्या मुलाला तीन दिवस श्वासाला मशीन लागलं. नवव्या दिवशी तो चालत घरी गेला. त्याच्या आजीने भांडारात येऊन माझ्या टेबलावर केळीच्या पानात बांधलेले तांदूळ ठेवले. मी कोण, काय काम करते, हे तिला कोणी सांगितलं मला माहीत नाही.

ते कार्ड निवृत्तीच्या वेळी मी साहेबांची परवानगी घेऊन त्याच्या झेरॉक्ससाठी हातात घेतलं, मूळ तिथेच ठेवलं. झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. ओळ थोडी तिरकी गेलीय : 'रात्री 2.20, बालरोग वॉर्ड, जावक 20, शिल्लक 22.'